तीन लाख चाळीस हजार किलोमीटर आणि एक आखाजी

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, की गाडी परत आली. स्वतःच्या चाकांवर आली, टोचन लावून नाही. आम्ही निघताना आमच्या गल्लीत यावर पैजा लागल्या होत्या, म्हणून हा खुलासा पहिल्यांदा.

गाडी एकोणीस वर्षांची आहे. डिझेलवर चालते. रंग मूळचा पांढरा, आता सायीसारखा झालाय. निघताना मीटरवर तीन लाख चाळीस हजार किलोमीटर होते. हा आकडा ऐकला की लोक आधी गाडीकडे बघतात आणि मग माझ्याकडे, आणि दोघांचीही कीव आल्यासारखा चेहरा करतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं: इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही तिथली सवय घरी आली आणि गाडीला चिकटली. रोज निघण्याआधी पाणी, ऑइल आणि ब्रेकचं तेल बघायचं, दर रविवारी टायरची हवा. सातारा ते कऱ्हाड आणि परत, रोजचे शंभर किलोमीटर, सरळ हायवेनं, निवृत्त होईपर्यंत. गाडीनं मला एकही दिवस उशीर होऊ दिला नाही.

माझे तीन नियम होते. गाडी गर्दीत घालायची नाही. गाडी भर उन्हात काढायची नाही. आणि एसी लावायचा नाही, कारण त्यानं इंजिनावर ताण येतो. या नियमांचं फळ असं, की रेडिएटरचा पंखा कित्येक वर्षांत लागलाच नव्हता. इंजिन जास्त तापलं की हा पंखा आपोआप फिरू लागतो. माझं तापतच नव्हतं, तर तो फिरेल कशाला? ‘माझ्या गाडीला पंखा लागत नाही,’ हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. या छातीतली हवा कुठं गेली ते पुढं येईलच.

माझी बायको सुनंदा जळगावजवळच्या असोद्याची. आम्हा सातारकरांना अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि जमलंच तर गुंजभर सोनं. खानदेशात तिला आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी यायचा सण. आमच्याकडं जे दिवाळीला आणि नागपंचमीला, ते तिकडं भर वैशाखात, डोक्यावर आग ओतत असताना. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि तेवढ्यात सुनंदा आखाजीला गेली ती फक्त दोनदा. गाडी आल्यावर काही वर्षं ती विचारायची. मी म्हणायचो, तिकडं त्रेचाळीस अंश असतं, गाडीला सोसायचं नाही. एसटीनं जाते म्हणाली, की मी म्हणायचो, ऊन तुला सोसायचं नाही. पुढं तिनं विचारायचं बंद केलं. मला वाटलं, तिला पटलं.

यंदा चैत्रात तिच्या थोरल्या भावाचा, नानांचा फोन आला. नाना शहात्तर वर्षांचे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बसमध्ये बसवत नाही. दोघांची थोरली बहीण, अक्का, धुळ्याला दिलेली. त्या ब्याऐंशीच्या, आणि गेली तीन वर्षं त्यांनी घराचा उंबरा ओलांडलेला नाही. अक्कांना आता माहेरी येणं व्हायचं नाही, तेव्हा यंदाची आखाजी आपणच अक्काकडं न्यायची, असं नानांच्या मनात होतं. तिघं भावंडं एका ठिकाणी बसून नऊ वर्षं झाली होती. पुन्हा कधी बसतील याचा भरवसा कुणीच देत नव्हतं.

सुनंदानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “आपली गाडी आहे. नानाला आपण न्यायचं.” तिनं विचारलं नाही, सांगितलं.

असोदा

अजिंठ्याचा घाट उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. उन्हाला चुकवायचं म्हणून संभाजीनगरचा मुक्काम मी पहाटे चारलाच हलवला होता. आठच्या आत आम्ही असोद्यात. इंजिनाच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरून तसूभरही हलला नाही. मी सुनंदाला दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा तिनं बघितलाही नाही, कारण बाहेर तिच्या ओळखीच्या केळीच्या बागा लागल्या होत्या आणि ती कुठली बाग कुणाची ते स्वतःशीच पुटपुटत होती.

नाना काठी टेकत अंगणात आले. त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, टपावर थाप दिली आणि म्हणाले, “आली व्हय शेवटी! मी म्हनलं, पाव्हने गाडी देवघरात ठेवून राहिले का काय.”

सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं.

सुनंदा अंगणात पाय टाकल्याबरोबर वेगळीच बाई झाली. साताऱ्यात ती माझ्यासारखंच बोलते. इथं ‘मले’, ‘तुले’, ‘कुठी’, ‘तिथी’ असं धो धो सुरू झालं, आवाज दोन पट्ट्या चढला, आणि ती पदर खोचून चुलीपाशी गेली ती तासभर दिसलीच नाही. तेहतीस वर्षं मी जिच्याशी संसार केला तिचा हा आवाज मी नीटसा ऐकलेलाच नव्हता.

दुपारी वरण-बट्टी. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी आधी उकडून, मग तळून, कुस्करून, वर घट्ट वरण आणि तुपाची धार, सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी. ताट नाही, केळीचं पान. आमच्याकडं केळीचं पान लग्नामुंजीत निघतं. इथं ते परसातून कापून आणतात आणि जेवण झालं की म्हशीपुढं टाकतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मी तीन बट्ट्या खाल्ल्या. चौथी नानांच्या सुनेनं मी पानावर हात आडवा धरलेला असताना बोटांच्या फटीतून वाढली.

जेवणानंतर गाव झोपलं. रस्त्यावर कुत्रं नाही. साताऱ्याचा माणूस बारा महिने दिवसभर हिंडतो, इथं वैशाखात दिवसाचे दोन तुकडे करतात आणि मधला टाकून देतात. उन्हं कलली तशी निंबांना झोके लागले. माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणू लागल्या. साठीच्या सुनंदाला दोन भाच्यांनी झोक्यावर चढवलं. मी ओट्यावर बसून बघत होतो आणि मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. का ते तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. उठलो आणि गाडीच्या टायरची हवा बघितली.

पारोळा

आखाजीच्या सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, निघायला साडेनऊ झाले. आधी नानांच्या घरची घागर भरायची होती. आखाजीला मातीची नवी घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे आपलं खरबूज आणि सांजा भरलेली गोड सांजोरी ठेवतात आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पुजतात. त्याशिवाय घरातलं मोठं माणूस तोंडात घास घालत नाही. मी चारदा घड्याळ बघितलं. नाना म्हणाले, “बापाले घाई करता येत नाही, पाव्हने. तो वर्षातून एकदा येतो.”

गाडीत सांजोऱ्यांचा डबा, कुरडया, आंब्यांची पेटी आणि नानांच्या कमरेसाठी दोन उशा. नाना पुढं, सुनंदा मागं. एरंडोल मागं पडेपर्यंत सगळं ठीक होतं. खिडक्या खाली होत्या आणि आत येणारी हवा भट्टीतली होती, पण काटा अर्ध्यावर. ‘बघा,’ असं मी म्हणणार तेवढ्यात नाना म्हणाले, “पारोळ्यात आत घ्या. अक्काले पारोळ्याच्या कुंभाराचीच घागर लागते. ती वाट पाहून राहिली, तिनं घरात दुसरी आनू दिली नाही.”

पारोळ्यात आत म्हणजे बाजारात. आणि आखाजीचा बाजार. किल्ल्याच्या बाजूला रस्त्यावर घागरींच्या राशी, डांगरांचे ढीग, हातगाड्या, मोटरसायकली आणि माणसं. नाना म्हणतात तो कुंभार नेमका शेवटच्या टोकाला. घागर घेतली, सुनंदानं मांडीवर धरली, आणि परत फिरताना आम्ही अडकलो. पुढं ट्रॅक्टर, मागं टेम्पो. दहा मिनिटांत चाक चार हात पुढं गेलं असेल.

काटा वर चढायला लागला.

आयुष्यात पहिल्यांदा मी तो अर्ध्याच्या वर बघत होतो. पण उपाय मला माहीत होता. इंजिनातली उष्णता बाहेर काढायला गाडीचा हीटर लावतात. ती आत येते, इंजिन वाचतं. मी हीटर पूर्ण लावला. बाहेर बेचाळीस, आत पेटलेला हीटर, मांडीवर घागर घेतलेली बायको आणि खुब्याचं ऑपरेशन झालेले मेहुणे.

नानांनी पायावर आलेली गरम हवा हातानं तपासली. “पाव्हने, बाहेर ऊन कमी पडून राहिलं का, ते आत चूल पेटवली?”

मी त्यांना तत्त्व समजावू लागलो. अर्धं समजावून होईतो बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी इंजिन बंद केलं.

मग जे होतं तेच झालं. वीस माणसं जमली आणि वीस सल्ले आले. एकानं बादलीभर गार पाणी आणलं आणि ओतायला निघाला. तापलेल्या इंजिनावर गार पाणी म्हणजे इंजिनाला तडा. मी असा ओरडलो की तो बादलीसकट मागं सरला. दुसरा रेडिएटरचं झाकण उघडायला गेला, त्याचा हात मी धरला. मग त्यांच्यातल्याच चौघांनी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका गॅरेजसमोर, निंबाच्या सावलीत नेली. गॅरेज बंद होतं. मालक मागंच राहत होता, त्याला कुणीतरी हाक मारली.

हा प्रकाशभाऊ, पन्नाशीचा, सडपातळ. सणाचा धुतलेला शर्ट अंगात होता. तो गाडीकडं न जाता नानांकडं गेला. त्यांना हात देऊन उतरवलं, घरातून खाट मागवली, माठातलं पाणी दिलं. मी अधीर होऊन म्हणालो, बॉनेट तरी उघडा. तो म्हणाला, “पहिले मानसं थंड व्हवू द्या, मंग गाडी दखू.”

गाडी थंड होईतो मी त्याला माझ्या गाडीचा सगळा इतिहास सांगितला. ऑइल, फिल्टर, बेल्ट, रेडिएटरमधलं पाणी कधी बदललं, सगळं. कॉलेजात परीक्षक आला की मी असाच उपकरणांची माहिती द्यायचो. तो मान डोलावत ऐकत होता. शेवटी मी म्हणालो, “आणि पंखा तर माझ्या गाडीला लागतच नाही.”

तो पहिल्यांदा हसला. उठला, बॉनेट उघडलं, आत हात घालून पंख्याच्या पात्याला बोटानं ढकललं. पातं हललं नाही. मग जोर लावला. तरी नाही.

“हाऊ पंखा शेवटला कवय फिरना?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “सात-आठ वर्षांत गरजच पडली नाही.”

“फिरना नही म्हनीसनच जाम व्हई गया, भाऊ. आत गंज चढेल शे.” त्याच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. रोग काय ते डॉक्टर सांगतो तसं तो सांगत होता. “एसी लावता का?”

“नाही.”

“एसी लावला असता तर हाऊबी फिरता रहाता. तुमनी गाडी चांगली शे. बठ्ठं चांगलं शे. वापरी नही, एवढंच.”

साडेतीन लाख किलोमीटरला टेकलेली गाडी, आणि हा माणूस म्हणतो सगळं चांगलं आहे, फक्त वापरली नाही. वाद घालावा असं मनात आलं, पण कशावर घालणार? पंखा समोर होता.

एवढ्यात नानांच्या मोबाइलवर धुळ्याहून अक्कांच्या मुलाचा, सुरेशचा फोन आला. नानांनी गाडी बंद पडल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तुमची गाडी तिथंच राहू द्या. मी माझी घेऊन निघतो, तासाभरात पोचतो. आई सकाळपासून उपाशी बसली आहे. घागर आल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाही.” फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं.

सुनंदा घागर मांडीवरून न उतरवता खाटेच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, “येऊ दे त्याला. मी नानाला घेऊन जाते. तुम्ही थांबा गाडीपाशी.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी गाडीपाशी थांबणार हे तिनं गृहीतच धरलं होतं, आणि ते तिनं किती वर्षांपासून गृहीत धरलंय हे त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं. मी प्रकाशभाऊला विचारलं, “किती वेळ लागेल?”

“मोटर काढीसन साफ करसू. पन तिले चालू करनारा रिले बी जळेल दिसस. नवा रिले आज नही भेटाव. डायरेक्ट करनं पडी. वायर कापीसन बटन बसाडी देस तुमना हातजोगे. आमना कडे उन्हाळामा बठ्ठास्न्या जुन्या गाड्यास्ले असंच ऱ्हास. गाडी चालू, बटन चालू.”

वायर कापायची! एकोणीस वर्षांत माझ्या गाडीच्या वायरिंगला मी कुणाला चिकटपट्टीसुद्धा लावू दिलेली नव्हती. असलं बटण ठोकलेल्या गाड्या बघितल्या की मी नाक मुरडायचो. मी म्हणालो, “कापायलाच पाहिजे का? म्हणजे कंपनीनं दिलेलं सर्किट...”

प्रकाशभाऊनं हातातली पक्कड खाली केली. घरातून माहेरी आलेल्या बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते. तिकडं मान करून तो म्हणाला, “मन्या बहिनी बी आज उन्यात. तठे अक्का उपाशी बठेल शे ना? मंग बोलू नका. कापू द्या.”

मी नानांचा फोन घेतला आणि सुरेशला लावून सांगितलं, “येऊ नकोस. आम्ही येतोय.” मग प्रकाशभाऊला म्हणालो, “कापा.”

पाऊण तास लागला. त्यानं मोटर खोलली, गंज घासला, दोन थेंब तेल सोडलं, आतले कार्बनचे ब्रश तपासले. वायर कापताना मी तोंड फिरवलं नाही. उलट बॅटरी धरून त्याला उजेड दिला आणि कापलेल्या टोकाला पट्टी मीच गुंडाळली. तेवढं मला येतं. नानांना प्रकाशभाऊच्या बहिणीनं पन्हं दिलं आणि दोघांत कुठल्याशा गावातल्या सोयऱ्यांची ओळखही निघाली. शेवटी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डच्या खाली, घरातल्या दिव्याला असतं तसं एक पांढरं बटण बसलं. मी ते दाबलं. पंखा असा घोंघावत सुटला की समोरची वाळलेली पानं उडाली.

नाना म्हणाले, “आता कशी बोलली!”

धुळे

आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. अक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. बारीकशी बाई, फिकं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा. नाना काठी टेकत गेले. अक्कांनी त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, मग सुनंदाच्या, आणि मग एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, “घागर कुठी हाये?”

घागर भरली, डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली, अक्कांच्या गेलेल्या यजमानांचं नाव घेतलं. नंतर अक्कांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. पारोळ्यात मी त्या वायरीसाठी आणखी वाद घातला असता तर हा पेला अजून किती वेळ भरलेला राहिला असता!

जेवायला खापरावरची पुरणपोळी होती. उपड्या मातीच्या खापरावर हातानं मोठी करून टाकलेली, रुमालासारखी पातळ. सोबत आमरस आणि रशी. आमच्या कटाच्या आमटीची ही बहीण, पण तिखटाच्या बाबतीत थोरली. रशीनं मला घाम फुटला.

संध्याकाळी तिघं भावंडं ओट्यावर बसली. अक्का विचारत होत्या आणि नाना सांगत होते. मारुतीच्या देवळापुढचा निंब अजून आहे का? आहे. झोके लागले का? लागले. किती? चार. कोण कोण आलंय? नानांनी एकेका घराचं नाव घेऊन लेकी मोजल्या. अक्का प्रत्येक नावाला बोट मिटत होत्या. यादी संपली तशा त्या मिटलेल्या बोटांकडं बघत बसल्या.

“म्हनजे मी तेवढी नाही,” त्या म्हणाल्या.

नाना गडबडले. “अक्का, तुले जमत नाही म्हनून तं आम्हीच इथी...”

“मले जमत नाही हे तुले कोनं सांगितलं? मले कोनी इचारलंच नाही.”

सुरेश समजावू लागला. आई, तुझं वय, हे ऊन, शंभर किलोमीटर, मागच्या वेळी पडलीस तेव्हा काय झालं. त्याचं एकही म्हणणं खोटं नव्हतं. मीही असंच बोलत आलो होतो, एकेक मुद्दा बिनतोड. अक्कांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा माझ्याकडं वळवला.

“पाव्हने, तुमची गाडी मले नेईन का?”

सगळे माझ्याकडं बघू लागले. सुनंदा बघत नव्हती. ती खाली ओट्याच्या फरशीकडं बघत होती, उत्तर माहीत असल्यासारखी.

“नेईल,” मी म्हणालो. “उद्याच नेईल.”

पुन्हा असोदा

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यात एसीचं काम करणारा शोधला. गॅस कधीच उडून गेला होता. तो भरून, नळ्या साफ करून होईतो अकरा वाजले. म्हणजे गाडी निघाली ती भर उन्हात, बाजारपेठेच्या गर्दीतून, एसी लावून. माझे तिन्ही नियम धुळ्याच्या वेशीच्या आतच मोडले होते. पांढरं बटण चालू होतं आणि काटा अर्ध्यावर होता. बढाई म्हणून सांगत नाही, मोजून सांगतो.

या वेळी अक्का पुढं. उशांचा ताबा त्यांच्याकडं. एसीचा झोत त्यांनी हातानं तपासला, पदर कानावर घेतला आणि नानांना मागं वळून म्हणाल्या, “थंडी वाजून राहिली रे.” मेमधल्या खानदेशात हे वाक्य बोलायला मिळालं याचा त्यांना फार आनंद झाला असावा, कारण एरंडोलपर्यंत त्यांनी ते तीनदा म्हटलं. मागच्या सीटवरून सुरेश दर दहा मिनिटांनी “आई, बरं आहे ना?” असं विचारत होता. चौथ्या वेळेला त्यांनी त्याला गप्प बसवलं आणि एक लांबलचक गाणं सुरू केलं. मागून सुनंदानं ते उचललं. नानांना शब्द आठवत नव्हते, ते नुसता ताल धरत होते.

असोद्यात गाडी निंबापाशीच थांबवली. झोक्यावरच्या पोरी कोण आलंय ते बघायला धावत आल्या, आणि मग त्यांच्या आया, आणि मग सत्तरीच्या दोघी-तिघी, ज्यांनी अक्कांना ओळखलं. एक जण रडायलाच लागली. सुरेश एका बाजूनं आणि मी एका बाजूनं धरून अक्कांना उतरवलं. त्यांनी आमचे हात सोडवले, गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि झोके मोजले. मग घराकडं चालू लागल्या. हळूहळू, पण आपल्या पायांनी. सुरेश मागं दोन्ही हात पुढं करून चालत होता. त्याची अवस्था मला आतून कळत होती.

दिवस कलल्यावर मी आणि सुनंदा ओट्यावर बसलो. आत अक्का कुणालातरी पुरण नीट वाटलं नाही म्हणून रागावत होत्या. मी सरळ म्हणालो, “चुकलं माझं. गाडीला जपत बसलो आणि तुझं माहेर ठेवलं बाजूला.”

ती म्हणाली, “गाडीला जपलंत ते काही चुकलं नाही. जपली नसती तर अक्का आज इथं नसती. पण तुम्ही उन्हाचं सांगितलंत, अंश सांगितलेत, इंजिनाचं सांगितलंत. मला काय पाहिजे ते कधी विचारलं नाहीत.”

परतायला अजून दोन दिवस होते आणि आमचा काही बेत नव्हता. मी म्हणालो, “मग आता विचारतो. उद्या कुठं जायचं?”

मला वाटलं ती विचार करेल, नाहीतर राहू द्या म्हणेल. तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

“जामनेर,” ती म्हणाली. “तिथं माझी मैत्रीण आहे, शाळेतली. आपण गाडी घेतली तेव्हा मी तिला पत्र टाकलं होतं, की आता येतेच म्हणून.”